हरभरा वाळला तो पायगुणानं नाही

(महिला शेतकरी दिनानिमित्त १५ ऑक्टोबरला संघाच्या मेळाव्यात आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. रब्बीचा पेरा तोंडावर आहे. ज्या मैत्रिणींना मेळाव्याला येता आलं नाही, त्यांच्यासाठी ते इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचावं, ही विनंती.)





मला आज बियाण्यावर बोलायला सांगितलं आहे. मी समाजकार्य शिकले आहे, शेतीची पदवी माझ्याकडे नाही. तुमच्यातल्या कित्येकींची वावरात जेवढी वर्षं गेली, तेवढं माझं वयसुद्धा नाही. म्हणून मी शिकवायला उभी नाही. मी दोन गोष्टी घेऊन आले आहे. एक आमच्या घरची गोष्ट, आणि दुसरं हे तुरीचं वाळलेलं झाड.

आधी घरची गोष्ट सांगते.

मी आठवीत होते. दिवाळीनंतर माझ्या धाकट्या काकाचं लग्न झालं. नवी काकू घरात आली आणि तिला हरभऱ्याच्या वावरात नेलं. धुऱ्यावर नारळ फोडला. आईनं त्या वर्षी गटातून पाच हजार रुपये उचलले होते, हरभऱ्याच्या बियाण्यासाठी आणि खतासाठी. पीक चांगलं उगवलं. महिन्याभरानं एका कोपऱ्यात झाडं माना टाकायला लागली. मग दुसऱ्या ठिकाणी, मग मधोमध. फुलावर येईपर्यंत वावरात जागोजागी पिवळे डाग पडले आणि घाटे भरायच्या वेळेला अर्धं वावर वाळून गेलं.

गावात लोक बोलायला लागले, "नव्या सुनेचा पायगुण हाय हा. त्या पोरीले वावरात काऊन नेलं?"

काकू तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ती काही बोलली नाही. पुढच्या वर्षी पेरणीच्या वेळी तिला घरीच ठेवलं. वावराकडे फिरकूसुद्धा दिलं नाही. त्या वर्षीही हरभरा वाळला. पहिल्यापेक्षा जास्त वाळला. पण तेव्हा कोणी म्हटलं नाही, की बाई, आपलं चुकलं.

आणि माझी आई? तिचा गटाचा हप्ता थकला. बैठकीत ती मागं भिंतीला टेकून बसायला लागली. शेवटी दोन शेळ्या विकून तिनं पैसे भरले. हरभऱ्याचं नुकसान शेळ्यांनी भरून काढलं, पण आईचं बैठकीतलं बोलणं काही परत आलं नाही.

हे सगळं कशामुळं झालं, ते मला खूप नंतर कळलं. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

रोग कुठं लपतो

हे झाड बघा. आज सकाळी एका ताईंच्या वावरातून उपटून आणलंय, त्यांना विचारूनच. पुढच्या रांगेतल्या आजी, तुम्ही हात लावून बघा. मुळं वरून चांगली दिसतात ना? कुजलेली नाहीत. खोडावर खालून वर जाणारा हा जांभळट पट्टा दिसतो का? आता मी विळ्यानं खोड उभं चिरते. आत बघा. काळपट रेघ आहे.

झाड मुळानं पाणी ओढतं आणि खोडातल्या बारीक नळ्यांनी वर पाठवतं. मातीत एक बुरशी असते, तिचं नाव फ्युजेरियम. ती मुळातून आत शिरते आणि त्या नळ्यांमध्येच घर करते. नळ्या तुंबतात. जमिनीत ओल असते, पण वरचं झाड तहानेनं मरतं. याला आपण मर रोग म्हणतो. तुरीची मर वेगळ्या फ्युजेरियमनं होते, हरभऱ्याची वेगळ्या. दोघी बहिणी म्हणा हवं तर, पण एकीचं दुसरीच्या घरी चालत नाही.

हरभऱ्याची मर आणणारी बुरशी हरभरा नसला तरी मातीत सहा वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते. बियाण्याबरोबरही ती दुसऱ्या वावरात जाते. आमच्या घरी काय झालं होतं, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. त्या वावरात चार-पाच वर्षं रब्बीत हरभऱ्यावर हरभरा घेतला होता. बुरशी दरवर्षी वाढत होती. काकू घरात यायच्या आधीपासून ती मातीत होती.

शेजारचं झाड का उभं राहतं

आता खरा प्रश्न. वावर तेच, माती तीच, पाऊस तोच. मग एका वाणाचं झाड मरतं आणि दुसऱ्या वाणाचं उभं का राहतं?

त्याचं उत्तर बियाण्याच्या आत आहे. लेकरू जन्माला येतं तेव्हा त्याचं नाक, रंग, उंची आईकडून आणि बापाकडून येते. झाडाचंही तसंच आहे. झाडाच्या प्रत्येक पेशीत अशा हजारो सूचना लिहिलेल्या असतात. त्यातल्या एका सूचनेला शास्त्रज्ञ जनुक म्हणतात. दाण्याचा रंग, पीक किती दिवसांत येणार, घाटा एका ठिकाणी एक की दोन, हे सगळं जनुकं ठरवतात.

त्यातली काही जनुकं राखणदाराचं काम करतात. वावरावर राखणदार असतो, तो चोराला चेहऱ्यानं ओळखतो आणि ओरडतो. तसं ही जनुकं रोगाला ओळखतात. ओळख पटली की झाड आपल्या पेशींची दारं बंद करतं, रोगाला पुढं सरकू देत नाही. ज्या वाणात तो राखणदार नाही, त्या वाणाला रोग घरात शिरला हे कळतच नाही.

हे राखणदार आईबापाकडून येतात, आणि दोघांकडून एकेक प्रत येते. काही राखणदार एक प्रत असली तरी काम करतात. काहींना दोन्ही प्रती लागतात. म्हणून कधी कधी पहिल्या पिढीत गुण दिसत नाही आणि नातवंडांत परत दिसतो. आजीचे घारे डोळे नातीला येतात, मधल्या लेकीला नाही. तसंच.

हरभऱ्यात एक छान गोष्ट सापडली आहे. मर रोगाच्या एका प्रकाराविरुद्ध शास्त्रज्ञांना तीन राखणदार जनुकं मिळाली. तीनही नसली तर झाड लवकर मरतं. एकच असलं तर झाड मरतं, पण उशिरा. आणि तिघांपैकी कोणतेही दोन एकत्र आले तर झाड शेवटपर्यंत उभं राहतं. मला हे वाचून आपला गट आठवला. एकट्या बाईनं सावकाराला थोडे दिवस थोपवलं असेल, पण दोघी-चौघी एकत्र आल्यावरच त्याची पायरी सुटली.

यातून एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवा. महिनाभर झाडं हिरवी दिसली म्हणून वाण चांगला, असं ठरवू नका. एकच राखणदार असलेला वाण घाट्यावर येऊन दगा देऊ शकतो.

आपल्या शेजारी घडलेलं काम

हे राखणदार कोणी शोधले? ते शोधण्यात आपल्या शेजारच्या गावाचा वाटा मोठा आहे.

देऊळगाव राजावरून जालन्याला गेलं आणि तिथून संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की बदनापूर येतं. तिथं परभणीच्या कृषी विद्यापीठाचं कृषी संशोधन केंद्र आहे. तुरीचं काम तिथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. दुसरं ठिकाण हैदराबादजवळचं पाटणचेरू. तिथं १९७२ साली इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली.

तिथल्या डॉ. य. ल. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उलटं काम केलं. आपण रोगट वावर टाळतो. त्यांनी मुद्दाम रोगट वावर तयार केलं. मेलेल्या तुरीची झाडं तुकडे करून मातीत घातली, त्याच जागी पुन्हा तूर पेरली, पुन्हा मेलेली झाडं मातीत मिसळली. शेवटी ती माती इतकी आजारी झाली, की साधी तूर तिथं तगेना. मग देशभरातून गोळा केलेल्या तुरी तिथं पेरल्या. मध्ये मध्ये हमखास मरणाऱ्या वाणाची ओळ ठेवली, म्हणजे रोग खरंच आहे याची खात्री व्हावी. आजूबाजूचं सगळं मेल्यावरही जे झाड उभं राहिलं, त्याचं बी धरलं.

बदनापूरहून गेलेल्या एका जुन्या तुरीतून असंच निवडून 'मारोती' नावाचा वाण निघाला. तो १९८६ साली कर्नाटकात प्रसारित झाला आणि मरीनं हैराण झालेल्या शेतकऱ्यांनी तो उचलून धरला. म्हणजे राखणदार कुठल्या परक्या देशातून आला नाही. तो आपल्याच भागातल्या जुन्या तुरीत होता. कोणा आजीनं, पणजीनं खळ्यावर चांगलं दिसलं ते बी गाडग्यात राखेत घालून ठेवलं असेल, तेव्हाच कुठं तो आपल्यापर्यंत टिकला.

पण मारोतीची एक अडचण होती. मरीला तो चांगला टिकतो, पण वांझ रोगाला सहज बळी पडतो. एका चोराला ओळखणारा राखणदार दुसऱ्या चोराला ओळखेलच असं नाही.

'वांझ' हे नाव

वांझ रोग तुम्ही पाहिला असेल. झाड हिरवं, झुडपासारखं वाढतं, पानं बारीक आणि फिकट चट्ट्यांची होतात, पण फूल नाही आणि शेंग नाही. बिहारमधल्या पुसा इथं १९३१ साली या रोगाची नोंद झाली. एक अतिशय बारीक, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी कोळी कीड वाऱ्याबरोबर येते आणि तिच्यातून हा रोग पसरतो, हे पुढं कळलं. पण रोगाचा खरा विषाणू हाती लागायला २००० साल उजाडलं. म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षं गुन्हेगार सापडत नव्हता. नाव मात्र झाडाला ठेवून मोकळे झालो. वांझ!

बायांनो, हा शब्द आपल्याला नवा नाही. कारण कोणी शोधत नाही, तपासणी होत नाही, नवऱ्याला तर कोणी विचारतही नाही, आणि शब्द मात्र बाईला चिकटतो. तुरीच्या झाडात काही खोट नव्हती. त्याला बाहेरून रोग झाला होता. एवढं जरी आज घरी घेऊन गेलात तरी मला पुरेसं आहे.

या रोगासाठी राखणदार शोधताना शास्त्रज्ञांनी काय वापरलं माहीत आहे? स्टेपलर! रोगट झाडाचं पान तुरीच्या कोवळ्या रोपाच्या पानाला स्टेपलरनं टाचायचं. पान सुकलं की त्यावरची कोळी कीड नव्या रोपावर जाते. असं रोपामागून रोप टाचलं, आणि जी रोपं तरीही फुलली, शेंगा धरल्या, ती निवडली.

मग दोन्ही राखणदार एका घरात आणायचं काम झालं. इक्रिसॅटचा 'आशा' म्हणजे आयसीपीएल ८७११९ हा वाण १९९३ साली आला. तो मरीला आणि वांझ रोगाला, दोन्हींना टिकतो. बदनापूरनं बीएसएमआर ७३६ आणि बीएसएमआर ८५३, म्हणजे वैशाली, हे वाण दिले. बीएसएमआर या नावातच सगळं आहे. बी म्हणजे बदनापूर, एसएम म्हणजे इंग्रजीतलं स्टरिलिटी मोझॅक, आपला वांझ रोग, आणि आर म्हणजे रेझिस्टंट, प्रतिकार करणारा. दुकानात पिशवीवर हे नाव दिसलं की आता तुम्हाला ते वाचता येईल.

हरभऱ्यातही असंच झालं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे जॅकी ९२१८ आणि पीडीकेव्ही कांचन, राहुरीचा विजय, हे मर रोगाला प्रतिकार करणारे वाण म्हणून आपल्याकडे चालतात. कर्नाटकात अन्निगेरी नावाचा एक जुना, लोकांचा लाडका हरभरा होता, पण तो मरायचा. त्याचा डब्ल्यूआर ३१५ या मर न येणाऱ्या देशी हरभऱ्याशी संकर केला. पुढं प्रत्येक पिढीत पुन्हा अन्निगेरीशीच संकर केला, आणि दर वेळी पानाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून ज्या रोपात राखणदार आहे तेच पुढं नेलं. आपण विरजण लावतो तसं. दूध रोज नवं, पण काल लावलेलं चमचाभर विरजण पुढं पुढं जात राहतं. शेवटी हरभरा जवळपास अन्निगेरीच राहिला, फक्त त्यात मरीचा राखणदार आला. २०१९ साली तो 'सुपर अन्निगेरी १' नावानं जाहीर झाला.

चोरही हुशार असतो

आता तुम्ही म्हणाल, मग चांगला वाण घेतला की काम झालं. नाही झालं.

१९८२ साली डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की आपल्या देशात हरभऱ्याच्या मर रोगाचे एकाहून जास्त प्रकार आहेत. त्यांनी चार नोंदवले. एका भागात टिकणारा वाण दुसऱ्या भागात का मरतो, त्याचं हे एक कारण. चोर वेष बदलून येतो.

याचा सगळ्यात मोठा धडा बटाट्यानं दिला. युरोपात आयर्लंड नावाचा देश आहे. तिथल्या गरिबांचं पोट बटाट्यावर होतं आणि बहुतेक ठिकाणी 'लंपर' नावाचा एकच बटाटा लावत. बटाटा डोळे असलेल्या फोडीपासून लावतात, बियांपासून नाही. त्यामुळं सगळी झाडं एका झाडाची जणू नक्कल. १८४५ मध्ये करपा आला. एक झाड बळी पडलं ते सगळीच पडली. पुढच्या काही वर्षांत उपासमारीनं आणि रोगराईनं सुमारे १० लाख माणसं मेली. आणखी तेवढ्याच लोकांनी, किंबहुना जास्तच, देश सोडला.

पुढं मेक्सिकोतल्या रानबटाट्यात करप्याला ओळखणारे राखणदार सापडले. ते शेतातल्या बटाट्यात आणले. सगळ्यांना वाटलं, जिंकलो. पण थोड्याच वर्षांत करप्यानं वेष बदलला. आपल्याकडचा 'कुफरी ज्योती' हा १९६८ साली आलेला बटाटाही आधी करप्याला चांगला टिकायचा, नंतर तो प्रतिकार कमी झाला.

लांबचं कशाला, आपली कपाशी घ्या. २००२ साली बीटी कपाशी आली. ती रोगासाठी नव्हती, अळीसाठी होती, पण न्याय तोच. सुरुवातीला बोंडअळी मेली, फवारण्या कमी झाल्या. मग २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं काय केलं, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. बीटीच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं एक छोटं पाकीट यायचं, आठवतं? बिगर-बीटी कपाशीचं. ते वावराच्या कडेनं लावायचं होतं. बहुतेक घरांत ते फेकून दिलं किंवा कोपऱ्यात पडून राहिलं. ते पाकीट कशासाठी होतं? काही अळ्यांना साधी कपाशी खायला मिळावी, म्हणजे सगळ्याच अळ्यांनी बीटीची सवय करून घेऊ नये, यासाठी. राखणदारालाही मदत लागते. सगळी राखण त्याच्या एकट्याच्या गळ्यात टाकली की तो हरतो.

मग आपण काय करायचं

पहिलं, रोग ओळखा. हरभरा वाळला की सरसकट मर म्हणू नका. झाड उपटा, खोड चिरा. मूळ वरून चांगलं आणि खोडात काळी रेघ, तर मर. मूळ ठिसूळ, तुटकं, बारीक मुळ्या गळालेल्या आणि पीक फुला-घाट्यावर असताना पाण्याचा ताण पडलेला, तर कोरडी मूळकुज असू शकते. मरीचा राखणदार मूळकुजीला ओळखत नाही. खात्री नसेल तर झाड मातीसकट पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात न्या.

दुसरं, दुकानात "चांगलं बियाणं द्या" म्हणू नका. विचारा, "वाण कोणता? मर रोगाला चालतो का?" पिशवीची खूणचिठ्ठी बघा. पायाभूत बियाण्याला पांढरी, प्रमाणित बियाण्याला निळी, आणि सत्यप्रत बियाण्याला हिरवी. पक्कं बिल घ्या आणि पिशवी, चिठ्ठी, थोडं बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेवा.

तिसरं, फेरपालट करा. मर आलेल्या वावरात पुढची तीन-चार वर्षं हरभरा नको. तिथं गहू, ज्वारी, करडई घ्या. आपल्या आज्या ज्वारीत तुरीचं तास घ्यायच्या. त्यांनी कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं. पण ज्वारीबरोबर घेतलेल्या तुरीत मर कमी येते, हे नंतर इक्रिसॅटच्या प्रयोगातही दिसलं. ज्वारी गेली, सोयाबीन आलं, आणि आपल्या आज्यांची ती राखणही गेली.

चौथं, बीजप्रक्रिया. एक किलो बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा, सावलीत सुकवा, मग पेरा. ट्रायकोडर्मा ही चांगली बुरशी आहे, वाईट बुरशीला मुळाजवळ जागा देत नाही. हरभऱ्याची घाईही करू नका. जमीन गरम असताना पेरलं तर मर जास्त येते.

पाचवं, वांझ रोगाचं तुरीचं झाड दिसलं की लगेच उपटून गाडा. धुऱ्यावर जुनी खोडवा तूर ठेवू नका. कोळी कीड आणि विषाणू तिथंच उन्हाळा काढतात.

इथं मागच्या एका मावशीनं हात वर केला होता. त्या म्हणाल्या, "पोरी, मंग बियानं घरचं वापराव का इकतचं?"

मावशी, दोन्ही चालतं, पण पिकाप्रमाणं. हरभऱ्याचं फूल उमलायच्या आधीच स्वतःच्या परागानं फळतं. त्यामुळं चांगल्या वाणाचं घरचं बियाणं तीनेक वर्षं तसंच राहतं. फक्त मर आलेल्या तुकड्यातलं बी धरू नका. तुरीचं वेगळं आहे. तुरीच्या फुलांवर मधमाश्या आणि भुंगे फिरतात. तुम्ही बीएसएमआर लावला आणि धुऱ्यापलीकडं जुनी तूर असली, तर तुमच्या काही दाण्यांची आई तुमच्या वावरातली आणि बाप पलीकडचा. (हशा) हसू नका, खरं आहे! अशा दाण्यात राखणदार येईलच याचा भरवसा नाही. म्हणून तर तुरीच्या प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटला दुसऱ्या तुरीपासून १०० मीटर अंतर ठेवावं लागतं आणि हरभऱ्याला फक्त ५ मीटर. घरी तुरीचं बी धरायचं असेल तर वावराच्या मधल्या, निरोगी झाडांचं धरा. कडेचं नको.

आणि हेही ध्यानात ठेवा. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बियाणं ठेवायचा, पेरायचा, दुसऱ्याशी बदलायचा, विकायचाही हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही. म्हणून गटागटांत बियाण्याची देवाणघेवाण करायला कोणाला घाबरायचं कारण नाही.

आपलं स्वतःचं 'आजारी वावर'

शेवटची गोष्ट, आणि ही मी मागणी म्हणून मांडते.

शास्त्रज्ञांनी केलं ते आपणही छोट्या प्रमाणात करू शकतो. प्रत्येक गावात एका ताईंनी आपल्या वावरातला तो तुकडा द्यायचा, जिथं दरवर्षी मर येते. जास्त नको, पंधरा-वीस ओळींची जागा. त्यात तीन वाण पेरायचे, आणि मध्ये दोन ओळी आपल्या घरच्या जुन्या हरभऱ्याच्या. उगवल्यावर प्रत्येक ओळीतली झाडं मोजायची. मग महिन्यानं, दोन महिन्यांनी आणि काढणीला पुन्हा मोजायची. गटाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहायचं, कोणता वाण, किती उगवली, किती राहिली. महिन्याची मोजणी दोन महिन्यांनी बदललेली दिसेल. उशिरा मरणारा वाण तेव्हाच पकडला जाईल.

मार्चच्या बैठकीत सगळ्या गावांच्या वह्या एकत्र ठेवू. मग पुढच्या हंगामाचं बियाणं संघ एकत्र घेईल तेव्हा कोणता वाण घ्यायचा, हे दुकानदार नाही, आपली वही ठरवेल. बियाण्यासाठी कर्ज मागणाऱ्या ताईला आपण हप्त्याबरोबर हेही विचारू, की वावरात मर आहे का आणि वाण कोणता घेणार. हा प्रश्न त्या वर्षी गटात कोणी माझ्या आईला विचारला असता, तर त्या दोन शेळ्या कदाचित आमच्या गोठ्यात राहिल्या असत्या.

आमच्या घरी पुढं काय झालं तेही सांगते. तिसऱ्या वर्षी त्या वावरात हरभरा घेतलाच नाही. गहू घेतला, मग ज्वारी, मग करडई, मग पुन्हा गहू. नंतर मर रोगाला टिकणारा वाण आणला, बीजप्रक्रिया करून पेरला. तो उभा राहिला. काही झाडं गेली, पण वावर गेलं नाही. आज आमच्या घरी बियाणं कोणतं घ्यायचं ते काकू ठरवते. तीच पेरते, तीच वहीत लिहिते. तिला मी एकदा विचारलं, तेव्हा लोक बोलत होते तर तुला काय वाटायचं. ती म्हणाली, "मले वाटे, खरंच माह्यातच काही हाय काय."

ताईंनो, एकोणीस वर्षांच्या पोरीला असं वाटावं, यापेक्षा मोठं नुकसान हरभऱ्याचंसुद्धा नाही. या हंगामात तुमच्या गावात कोणाचं पीक वाळलं आणि कोणी पायगुण काढला, तर वाद घालू नका. सरळ वावरात चला म्हणा, एक झाड उपटा, खोड चिरा आणि सगळ्यांना काळी रेघ दाखवा.

चाचणीसाठी जागा द्यायला तयार असलेल्या ताईंनी आज घरी जाण्याआधी आपल्या कृषी सखीकडे नाव लिहून द्यावं. पेरा थांबणार नाही, त्यामुळं नावं आजच हवीत.

एवढं बोलून मी थांबते. जय जिजाऊ, जय सावित्री!